'ऑफिसिनॅलिस' : एक विशेषण आणि वैद्याचा विवेक

हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूर येथे आमच्या चिकित्सालयात नुकतेच एक औषधी-सूचिपत्रक आले. त्यात शुंठीपुढे 'झिंजिबर ऑफिसिनॅलिस' व शतावरीपुढे 'ॲस्परॅगस ऑफिसिनॅलिस' असे छापले होते. पहिली चूक व्याकरणाची. दुसरी मात्र द्रव्याचीच. दोन्हींचे मूळ एकाच लॅटिन शब्दाविषयीच्या अनास्थेत आहे, असे आमचे मत आहे.

लॅटिन 'ओपुस' म्हणजे कर्म. संस्कृत 'अपस्' हा त्याचा सगोत्र. त्यास 'करणे' या अर्थाचा धातू जोडून कारागीरवाचक 'ओपिफेक्स' आणि त्यावरून कर्मशाळावाचक 'ऑफिसिना' हे शब्द झाले. मध्ययुगात ख्रिस्ती मठांतील औषधांच्या कोठीस हेच नाव मिळाले. म्हणून 'ऑफिसिनॅलिस' म्हणजे औषधशाळेत ठेवले जाणारे. शासकीय मान्यतेशी त्याचा संबंध नाही. ते गुणवत्तेचे प्रमाणपत्रही नव्हे.

संस्कृताप्रमाणेच लॅटिनमध्ये विशेषण विशेष्याचे लिंग स्वीकारते. पुल्लिंगी व स्त्रीलिंगी रूप 'ऑफिसिनॅलिस', तर नपुंसकलिंगी 'ऑफिसिनॅले'. आमलकीचे 'एम्ब्लिका' हे नाव स्त्रीलिंगी, म्हणून 'एम्ब्लिका ऑफिसिनॅलिस'. 'झिंजिबर' नपुंसकलिंगी, म्हणून रॉस्को यांनी १८०७ साली दिलेले नाव 'झिंजिबर ऑफिसिनॅले'. हे 'झिंजिबर'ही प्राकृत व ग्रीकमार्गे आपल्या 'शृङ्गवेर' शब्दाशीच जाऊन पोहोचते. आमच्याकडे घरोघरी ज्यास अद्रक म्हणतात, त्याच्या परदेशी नावातही संस्कृत नांदते आहे.

शतावरीची गोष्ट अधिक गंभीर आहे. आपली शतावरी 'ॲस्परॅगस रेसिमोसस' होय. 'ॲस्परॅगस ऑफिसिनॅलिस' ही युरोपात कोवळ्या कोंबांची भाजी म्हणून प्रसिद्ध असलेली निराळी जाती. तगराचेही तसेच. आपले तगर 'व्हॅलेरियाना वॉलिची'. 'व्हॅलेरियाना ऑफिसिनॅलिस' नव्हे.

रुग्णास द्रव्य द्यावयाचे, व्याकरण नव्हे, असा आक्षेप काही वैद्यबंधू घेतील. परंतु एका संस्कृत नावाखाली प्रांतोप्रांती भिन्न वनस्पती विकल्या जातात, म्हणूनच तर लॅटिन नाव सोबत लिहिण्याची पद्धत आपण स्वीकारली. संदेह दूर करण्यासाठी घेतलेले साधनच सदोष असेल, तर संदेह दुप्पट होतो.

शब्दरूपे व विभक्ती पाठ केलेल्या वैद्यास ही दोन रूपे जड नाहीत. द्रव्य खरेदी करताना नावातील दोन्ही पदे भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाशी ताडून पाहावीत, आणि चूक आढळल्यास विक्रेत्यास लेखी कळवावे, अशी आमची सर्वांस आग्रहाची विनंती आहे.