शेवाळाचा जमाखर्च

शाळेत खाऱ्या पाण्याची लहान मत्स्यपेटी ठेवावी का, असा विषय निघाला की "नको, दोन महिन्यांत ती हिरवी होते आणि मग कितीही घासा, शेवाळ जात नाही" असे उत्तर हमखास मिळते. माझे मत उलट आहे. पेटी हिरवी होते म्हणूनच ती शाळेत असावी. मात्र तिच्याशेजारी एक तराजू आणि एक वही हवी.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झाले. त्याच्या समोरच समुद्र होता. मुळशी तालुक्यातील घोटावड्यासारख्या गावाला समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे! तेथे दर लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम सागरी क्षारांचे मिश्रण विरघळवून, ४० लिटरांचा समुद्र आपणच तयार करायचा. खऱ्या समुद्रात माशांची विष्ठा अफाट पाण्यात विरून जाते. आपल्या समुद्रात ती जागच्या जागी राहते.

आता एक गणित करू. माशांचे कोरडे खाद्य आठवड्याला १ ग्रॅम घातले. त्यात निम्मी प्रथिने आहेत असे धरा. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे पेटीत ०.०८ ग्रॅम नायट्रोजन गेला. माशांच्या वाढीला लागणारा थोडा भाग सोडून देऊ. उरलेल्यापासून प्रथम अमोनिया होतो, जीवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि शेवटी नायट्रेट बनते. ०.०८ ग्रॅम नायट्रोजनापासून सुमारे ३५० मिलिग्रॅम नायट्रेट होते. ४० लिटरांत ते दर लिटरला जवळजवळ ९ मिलिग्रॅम झाले, आणि तेही एका आठवड्यात!

यावर दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलले तर? जमा ९ आणि खर्च शिलकीच्या एक दशांश. दोन्ही समान होतील तेव्हाच वाढ थांबेल, म्हणजे शिल्लक ९० वर पोचल्यावर. खाद्य निम्मे केले तर हाच आकडा ४५ होतो. पाणी बदलण्याइतकेच महत्त्व चिमटीला आहे, हे यावरून ध्यानात येईल.

जमेची आणखी एक छुपी बाजू आहे. पेटीतील पाण्याची वाफ होते. क्षार आणि नायट्रेट मात्र मागे राहतात. ही तूट आपण विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरून काढतो. शेतातील खतांचे नायट्रेट त्या पाण्यात उतरलेले असेल तर प्रत्येक तांब्यागणिक जमा वाढते. म्हणून तूट भरण्यासाठी ऊर्ध्वपातित किंवा आरओ यंत्राचे पाणी वापरावे, आणि त्यात मीठ घालू नये.

मग शेवाळनाशक औषध का नको? अशा पुष्कळ औषधांत तांबे असते. त्याने शेवाळ मरते, पण कोळंबी, शंखातले खेकडे आणि गोगलगायीही मरतात. शिवाय एकदम मेलेले शेवाळ कुजू लागले की जीवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि रात्रीतून मासे गुदमरतात. इतके करूनही शेवाळात साठलेला नायट्रोजन व फॉस्फरस पुन्हा पाण्यातच येतो. द्रव्य नाहीसे होत नाही, हा पदार्थविज्ञानाचा नियम पेटीलाही लागू आहे.

शिक्षकांनी एका फसगतीकडे मुलांचे लक्ष वेधावे. परीक्षणसंचात नायट्रेट शून्य दिसते आणि काच तर हिरवीगार! विरोध वाटतो, पण नाही. पाण्यातले नायट्रेट शेवाळाने केव्हाच उचललेले असते. खिशात पैसा नाही म्हणून बँकेतही नाही, असे कोण म्हणेल?

तेव्हा शेवाळ खरवडा, पण तरंगत सोडू नका. नळीने ओढून पेटीबाहेर काढा. बाहेर गेलेले शेवाळ हाच खरा खर्च. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी यांनी १९८० च्या सुमारास ही युक्ती उलट्या बाजूने वापरली. त्यांनी मुख्य पेटीबाहेर प्रखर उजेडात मुद्दाम शेवाळ वाढवले आणि ते वेळोवेळी कापून पाणी स्वच्छ राखले. तुम्हीही मुख्य पेटी खिडकीपासून दूर ठेवा, दिवा सहा ते आठ तासच लावा, खाद्य तोलून घाला आणि प्रत्येक नोंद वहीत करा. फरक दिसायला काही आठवडे लागतील. तोवर धीर धरणे हाही प्रयोगाचाच भाग आहे.

हे सारे पेटीपुरतेच आहे काय? घोटावड्याच्या परिसरातून जाणारी मुळा पुढे पुण्यात पोचते, तेव्हा उन्हाळ्यात तिच्यावर जलपर्णीचा गालिचा पसरतो. यंत्रे लावून ती काढतात, पुन्हा येते, पुन्हा काढतात. काढायला तर हवीच. परंतु सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस जमा होतच राहिले, तर खर्चाची बाजू कधी पुरी पडायची? नदीचा हा हिशेब उद्या तुमच्याच हाती येणार आहे. तो मांडण्याचा सराव ४० लिटरांवर आजच सुरू करा.