मासे पाळणे म्हणजे पाणी पाळणे

घरात काचेच्या पेटीत रंगीत मासे ठेवण्याची हौस आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. ती आमच्या तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावीही येऊन पोहोचली आहे. हौस मुळात निर्दोष आहे. परंतु पुष्कळ घरी असे घडते की, पेटी आणल्यावर आठ-पंधरा दिवसांत मासे एकामागून एक मरून तरंगू लागतात, मुले दोन दिवस हळहळतात, आणि तिसऱ्या दिवशी बाजारातून नवे मासे येतात. मुक्या जीवांचा असा नाश होतो हे वाईटच. पण जीव म्हणजे संपला की पुन्हा विकत आणावयाची वस्तू, असे वळण मुलांच्या मनास लागते, हे आमच्या मते त्याहून वाईट. म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे की, ज्यास पाण्याची निगा शिकावयाची नाही त्याने मासे आणूच नयेत. आणि ज्यास आणावयाचे आहेत त्याने आधी पाणी पाळण्यास शिकावे.

या बाबतीत पहिला भ्रम असा की, निर्मळ दिसणारे पाणी निर्मळ असते. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नाच्या कुजण्यातून अमोनिया उत्पन्न होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशांचे कल्ले त्याने जळतात. निसर्गात या विषाची विल्हेवाट सूक्ष्म जंतू लावतात. जंतूंचा एक वर्ग अमोनियाचे नायट्राइट करतो. हेही विषच होय. दुसरा वर्ग त्याचे नायट्रेट करतो, व ते बेताचे असेपर्यंत मासे सहन करतात. हे कार्य जंतूंचे आहे, असे रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास सिद्ध केले. शेतातील काळ्या मातीत जे चालते तेच काचेच्या पेटीतही चालते. भेद इतकाच की, नव्या पेटीत हे जंतू नसतात. त्यांची वस्ती वाढण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात.

यावरून पुढील नियम आपोआप निघतात. पेटी मांडली त्याच दिवशी ती माशांनी भरू नये. प्रथम दोन-तीन लहान मासे ठेवून दीड महिना धीर धरावा. अन्न दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच घालावे. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी काढून तितकेच नवे घालावे; सर्व पाणी एकदम बदलून पेटी घासूनपुसून लख्ख करू नये. गाळणीचा स्पंज नळाखाली न धुता पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा; कारण तेच जंतूंचे घर आहे. अतिस्वच्छतेचा उत्साह येथे घातक ठरतो.

आता आमच्या भागाची विशेष गोष्ट. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस पूर्णेचे खोरे, अशा स्थितीत आमचा तालुका वसला आहे. पूर्णेच्या दोन्ही तीरांवरील खारपाणपट्टा वऱ्हाडात कोणास ठाऊक नाही? तेथील विहिरीचे व बोअरचे पाणी खारट असते. वान धरणाचे नळाने येणारे पाणी त्या मानाने गोड. पण त्यात जंतुनाशक क्लोरीन असतो. माणसाचे रक्षण करणारा हा क्लोरीन माशांना आणि वर सांगितलेल्या उपकारक जंतूंना मारक आहे. सबब नळाचे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मगच वापरावे. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली असल्यास तोच नियम पाळावा.

खाऱ्या पाण्यास मात्र असा सोपा उपाय नाही. शिवाय पाणी अल्कधर्मी असेल तर त्यात अमोनियाचे विष अधिक तीव्र होते. आमचा सल्ला असा की, माशांसाठी पाणी बदलण्याचा खटाटोप करण्यापेक्षा पाण्याजोगे मासे निवडावेत. गप्पी आणि मॉली हे जड पाण्यात सुखाने राहतात. मॉली तर खारटपणाही बराच सोसते. ॲमेझॉनच्या मृदू पाण्यातील निऑन टेट्रा आणून त्यास बोअरच्या पाण्यात सोडणे म्हणजे त्याचा छळ मांडणे होय. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाणी उडून जाते, क्षार मागे उरतात. नुसती भर घालीत राहिल्यास पेटीतील खारटपणा वाढतच जातो. खाऱ्या पाण्याने भिजविलेल्या शेतावर पांढरा थर कसा येतो, हे आमच्या शेतकरी पालकांना सांगावयास नको.

वैशाखातील ऊन हा तिसरा शत्रू. २० अंश सेल्सिअसवर एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३५ अंशांवर सुमारे ७ मिलिग्रॅमच. आणि उष्णतेत माशांची गरज तर वाढते. म्हणून पेटी खिडकीच्या उन्हात ठेवू नये, मासे थोडे ठेवावेत, आणि वीज गेल्यास पेल्याने पाणी वरून ओतून ते खळबळवीत राहावे. सोनेरी मासा लहान गोल भांड्यात ठेवण्याची चाल तर सर्वथा सोडावी. तो वीतभर वाढणारा प्राणी आहे.

जेथे माणसासच गोड पाण्याची वाट पाहावी लागते तेथे ही चैन कशाला, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. परंतु पेटीतून काढलेले पाणी तुळशीस अथवा परसातील वांग्यांस घालता येते. त्यातील नायट्रेट हे रोपांचे खाद्यच आहे. मात्र पाणी खारे असेल तर ते रोपांनाही बाधेल. मासे नकोसे झाले म्हणून नदीत किंवा तलावात कदापि सोडू नयेत. काचेच्या पेटीतून सुटलेला सकर मासा उजनीच्या जलाशयात पसरून तेथील कोळ्यांच्या जाळ्यांस व धंद्यास कसा उपद्रव देत आहे, ते सर्वश्रुत आहे.

पालकांस आमची विनंती एवढीच की, मुलास मासे घेऊन देण्यापूर्वी एक वही घेऊन द्यावी. पाणी केव्हा बदलले, किती बदलले, कोठून आणले, मासे कसे दिसले, हे त्याने सहा आठवडे लिहावे. जो मुलगा किंवा मुलगी एवढा नेम पाळील, तिच्या हाती चार मासे निःशंकपणे द्यावेत. पेटीतले पाणी ओळखू लागलेले मूल घरच्या माठातील व गावच्या विहिरीतील पाण्याविषयीही प्रश्न विचारू लागेल; आणि खारपाणपट्ट्यातील मुलांनी असे प्रश्न विचारावेत, याची आमच्या भागास फार गरज आहे.