सांदवाडीचे पंचांग

रोहिणी नक्षत्र निघून जायच्या आत गादीवाफे तयार नसतील, तर त्या वर्षी हळदीचे नाव न काढलेले बरे. वर्ध्याकडची काळी माती कापसाला आणि तुरीला मानवते, कारण ती पाणी धरून ठेवते. कंदाला नेमके तेच पाणी मारते. चार दिवस झड लागली की सखल जागेतला गड्डा बुडाशी मऊ पडतो, वर पान पिवळे दिसू लागते, आणि ते दिसेपर्यंत खालचा खेळ आटोपलेला असतो. म्हणून नवतपाच्या त्या भाजणाऱ्या दिवसांत, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, पहाटे उठून वीतभर उंचीचे वाफे ओढायचे. सकाळचे नऊ वाजले की फावडे हातात धरवत नाही.

वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या आंजी (मोठी) च्या शिवारात शिरले की नजरेत भरते ती पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीन. औषधी झाडपाल्याला वावरात मान नाही. त्याची जागा घरामागे, सांदवाडीत. दोन-चार गुंठ्यांचा तुकडा, कडेला विहीर किंवा बोअर, एखादा कडुलिंब, शेवगा, लिंबोणी, न्हाणीचे पाणी जाते तिथे धोप्याची (अळूची) पाने. अशा तुकड्यात तुळस, गवती चहा, हळद, अश्वगंधा लावून चार पैसे मिळवायचे ठरवले, की घराचे पंचांगच बदलते. पऱ्हाटीवाल्याला पेरणी आणि वेचणी सांभाळायची असते. सांदवाडीवालीला पेरणी सोपी जाते. तिचा जीव सगळा वाळवणात अडकलेला असतो.

हळद जिल्ह्याला नवी नाही. आंजीपासून पाहिले तर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रपूर तालुक्यात, वायगाव आहे. गावाच्या नावालाच ‘हळद्या’ चिकटलेले. तिथल्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. रंगाने गडद, कुरकुमिनाचे प्रमाण चांगले, अशी तिची ख्याती. सांगलीचे नाव मोठे असले तरी सांगली हा आधी बाजार आहे. वायगावचे नाव पिकवणाऱ्यांनी कमावले, असे म्हणायला हरकत नाही.

हळदीवरून एक भांडण पार अमेरिकेत पोचले होते. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. बोट कापले की हळद दाबायची, हे इथल्या प्रत्येक घरात ठाऊक. पण कचेरीला कागद लागतो. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेला लेख धरून ३२ संदर्भ मांडले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. आजीबाईचा बटवा लेखी असता तर भांडण लवकर मिटले असते, इतकेच.

मृग लागला की सांदवाडीत हिरवळीचा नुसता दंगा सुरू होतो. तरोटा सगळ्यांत आधी येतो आणि कोवळा आहे तोवर सरळ तव्यावर जातो. त्यामागून माका, आघाडा, पुनर्नवा, भुईआवळा. खरी अडचण इथेच आहे. निंदणाला बसलेल्या बाईच्या खुरप्याला हे सगळे तणच. भुईआवळ्याचे रोप जेमतेम वीतभर, चिंचेसारखे बारीक पान, आणि पान उलटले की देठाच्या खालच्या अंगाला ओळीने मोहरीएवढी हिरवी फळे. वैद्याच्या दुकानात हेच कावीळीवरचे औषध म्हणून पुडीने विकले जाते, आणि बांधावर ते उपटून फेकलेले असते. जाणत्या म्हाताऱ्या मजूर बाया मात्र निंदताना एक वेगळा ढीग करत जातात. त्यांना कोणी शिकवलेले नसते, आणि त्या ढिगाची मजुरीही कोणी वेगळी देत नाही.

पोळा झाला की चारेक दिवसांनी गणपती. एकवीस पत्रींची यादी काढून पाहिली तर ती पूजेची यादी आहे की पावसाळी वनौषधींची, असा प्रश्न पडावा: माका, आघाडा, डोरली, शमी, मरवा, अर्जुन, विष्णुक्रांता. वर्षातून एकदा तरी घरातल्या पोराला ही झाडे हाताने तोडावी लागत, म्हणून ती ओळखीची राहिली. आता वर्ध्याच्या बाजारात तयार जुडी मिळते. तिच्यात पाने एकवीस असतात, झाडे मात्र निम्मीही नसतात.

ओळख पटण्याला जिवाचे मोल असते, हे गुळवेलीने दाखवले. कोरोनाच्या काळात जो तो काढा उकळू लागला आणि बांधावरची, लिंबावरची वेल रातोरात ओरबाडली गेली. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने ते मान्य केले नाही. खरी गुळवेल घेतली गेली की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, हे आधी तपासा, असे त्यांचे म्हणणे. वाद तज्ज्ञांचा आहे आणि तो त्यांनी निस्तरावा. पण ज्याच्या लिंबावर वेल चढली आहे, त्याने ती कुणालाही तोडून देताना दहादा विचार करावा, एवढे त्यातून नक्की निघते.

कुंपणाला अडुळसा बरा. शेळी-गाय त्याला तोंड लावत नाही, काडी खोचली तरी जगतो, आणि थंडी पडली की शेजारची एखादी बाई फाटकाशी उभी राहते.

“काकू, अडुळशाचे चार पानं देता का? पोराले रातभर खोकला हाये.”

“ने न माय. वरचे कवळे नको तोडू, खालचे तोड. अन् धाप लागत असन त आधी दवाखान्यात ने.”

हे शेवटचे वाक्य आंजीत तोंडदेखले नसते. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, शिवाय सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे कस्तुरबा ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रही. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली उभारलेल्या त्या संस्थेची डॉक्टर होऊ घातलेली मुले गावाचे आरोग्य शिकायला इथे येतात. अडुळसा आणि दवाखाना यांचे वैर असायचेही कारण नाही. खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत असणारे ब्रोमहेक्झिन हे अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच घडवलेले आहे.

हस्ताचा पाऊस ओसरला की सांदवाडीचा खरा हंगाम सुरू होतो, आणि तो जमिनीवर कमी, खाटांवर आणि गच्चीवर जास्त असतो. तुळस फुलोऱ्यात आली की कापायची. वृंदावनातली तुळस द्वादशीला तोडत नाहीत, रविवारी तोडत नाहीत, सांजेला तर हातही लावत नाहीत. वाफ्यातल्या तुळशीला तो नेम लावला तर धंदा बसेल, म्हणून घरोघरी दोन तुळशी: एक देवाची, एक विकायची. कापणी मात्र कोरड्या उन्हाच्या दिवशीच हवी. दवाने भिजलेला पाला ढीग करून ठेवला की रात्रीतून आतून तापतो आणि सकाळी काळा पडतो. रखरखीत उन्हात टाकला तर वाळतो झटक्यात, पण वास उडून जातो. मागे उरते ती नुसती पानांची माती. मधला मार्ग सावलीचा. ओसरीवर जुन्या लुगड्यावर बोटभर थर, दिवसातून दोनदा उलटायचा, सांजेला दव पडायच्या आत झाकायचा. पान चिमटीत कुरकुरले की झाले. गिऱ्हाईक पोत्यात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर बाहेर काढतो आणि नाकाला लावतो. भाव तिथेच ठरतो.

हळद पाल्याने सांगते. जानेवारी-फेब्रुवारीत पाने वाळून आडवी पडली की खणायची. जमीन दगडासारखी झाली असेल तर आधी हलके पाणी द्यायचे. गड्डे वेगळे, हळकुंडे वेगळी, कारण दोघांना शिजायला सारखा वेळ लागत नाही. कढईवर फेस येतो, हळदीचा उग्र वास घरभर पसरतो, मग एक हळकुंड काढून त्यात काडी टोचून पाहायची. सहज आत गेली तर उतरवायचे. कमी शिजले तर रंग एकसारखा येत नाही, जास्त शिजले तर तो बिघडतो. पुढे दोनेक आठवडे ऊन. मोडल्यावर टणकन आवाज झाला पाहिजे. एवढे करून शंभर किलो ओल्या हळदीची वीस-पंचवीस किलो सुकी हळद हातात येते. हे गणित आधी माहीत नसलेला माणूस पहिल्या वर्षी तराजूकडे रागाने पाहतो.

म्हणून शहाणी घरे थोडी हळद ओलीच विकतात. संक्रांतीच्या आसपास लोणच्यासाठी तिला मागणी असते. हवी तेवढी काढायची, बाकी वाफ्यात राहू द्यायची. गवती चहाच्या जुड्या, तुळशीची रोपे, सांबार (कोथिंबीर), उन्हाळ्यात सब्जा, हे सगळे ओल्या किंवा साध्या मालाचे रोकड व्यवहार. अश्वगंधेचे तसे नाही. ती पावसाळ्याच्या उत्तरार्धात पेरायची, फळे लाल झाली की मुळासकट उपटायची, मुळ्या कापून जाडीप्रमाणे निवडायच्या. आणि तिचा मोठा बाजार मध्य प्रदेशात नीमचला. दोन गुंठ्यांच्या मालाला तेवढे भाडे परवडत नाही. चार-पाच घरांनी माल एकत्र केला तरच काही जमते. शिवाय भुकटी करून डबीवर रोगाचे नाव छापले की तो माल औषध ठरतो, त्याला परवाना लागतो. खाण्याचा पदार्थ म्हणून विकला तरी अन्न सुरक्षेची नोंदणी आहेच.

सफेद मुसळीची गोष्ट विदर्भातला कास्तकार अजून विसरलेला नाही. बेणे सोन्याच्या भावाने विकले गेले, माल आम्हीच उचलू अशी आश्वासने मिळाली, आणि माल तयार झाला तेव्हा उचलणारे दिसेनासे झाले. पुढे कोरफडीच्या बाबतीतही कितीकांनी हेच अनुभवले. यापेक्षा अंजनगाव सुर्जीकडचे पानपिंपळीवाले पाहावेत. पानमळ्यांच्या मुलखात सावलीच्या झाडांखाली वेल चढवायची, वर्षानुवर्षे तेच पीक घ्यायचे. ते हातात मुरलेले कसब आहे, जाहिरात वाचून केलेली लागवड नाही.

शतावरीला तर धीरच लागतो. पावसाळ्यात रोप लावल्यावर मुळ्या खणण्याजोग्या व्हायला दीड-दोन वर्षे जातात. तोवर काटेरी, झालरीसारखी वेल मांडवावर चढून बसते. खणल्यावर एका बुडाखाली पांढऱ्या जाड मुळ्यांचा घोसच निघतो, पाहून हरखून जावे असा. मग कळते की काम आता सुरू झाले. मुळ्या किंचित वाफवायच्या, वरची साल नखाने उभी सोलायची, मधली चिवट शीर टोकाला धरून ओढून काढायची, मग वाळवायची. दिवसभर बसून एका बाईच्या पुढ्यात जेमतेम परातभर माल तयार होतो, आणि वाळून तो ओंजळीत मावतो. सोलणारणीची मजुरी आणि व्यापाऱ्याचा भाव यांची सांगड बसवता बसवता बरीच घरे शेवटी विक्रीचा नाद सोडतात, आणि घरातल्या बाळंतिणीपुरती दोन झाडे तेवढी मांडवाशी राहू देतात.