फळमाशीचा मूळ पत्ता

आंब्याचा मोसम आला, की दोन बातम्या ठरलेल्या असतात. एक पेटीच्या भावाची आणि दुसरी परदेशात अडलेल्या मालाची. मे २०२५ मध्ये मुंबईहून विमानाने गेलेल्या आंब्याच्या १५ खेपा अमेरिकेतील लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा विमानतळांवर नाकारल्या गेल्या. विकिरण प्रक्रियेच्या कागदपत्रांत त्रुटी असल्याचे कारण देण्यात आले. माल परत आणणे परवडणारे नसल्याने तो तिथेच नष्ट करावा लागला आणि सुमारे पाच लाख डॉलरचे नुकसान झाले. त्याआधी युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतातील आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांवर बंदी घातली होती. २०१३ या एका वर्षात भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली, पण प्रक्रियेच्या अटी कायम राहिल्या.

या अटींमागचे एक मोठे कारण म्हणजे घरमाशीपेक्षा किंचित मोठी, पिवळसर तपकिरी रंगाची फळमाशी. तिचे शास्त्रीय नाव बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. मादी पिकत आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या आत गर खात वाढतात, मग फळातून बाहेर पडून मातीत कोषात जातात आणि त्यातून नवी माशी निघते. आंबा, पेरू, चिकू, पपई धरून तीनशेहून अधिक प्रकारच्या फळांवर आणि भाज्यांवर ती जगू शकते. एक मादी आयुष्यात हजाराहून अधिक अंडी घालू शकते.

आरोग्याच्या स्तंभात या माशीचे काय काम, असे कोणी विचारील. काम दोन कारणांनी आहे. एक म्हणजे तिच्यावर फवारले जाणारे विष माणसापर्यंत पोचते. दुसरे म्हणजे तिचा माग काढण्यासाठी शास्त्रज्ञ जी पद्धत वापरतात, ती साथीच्या रोगात आम्ही डॉक्टर वापरतो तीच आहे. करोनाच्या काळात विषाणूच्या जनुकांचे वाचन करून तो कुठून आला, कुठे पसरला आणि किती बदलला, हे आपण पाहिले. भारतात त्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये प्रयोगशाळांचे जाळेही उभे राहिले. माशीच्या बाबतीतही जनुकांना हेच प्रश्न विचारता येतात.

जनुकीय विविधता म्हणजे एकाच जातीच्या जिवांमधील डीएनएचे बारीकसारीक फरक. एखादी जात जिथे हजारो वर्षे नांदते, तिथे हे फरक भरपूर असतात. तिथून थोडे जीव दुसरीकडे गेले, तर ते त्यातला छोटासा हिस्साच बरोबर नेतात. एका मोठ्या घराण्यातली दोन भावंडे परदेशी स्थायिक झाली, तर तिथल्या वंशजांत मूळ घराण्यातले सगळे चेहरे दिसणार नाहीत, तसेच हे. म्हणून एखाद्या प्रदेशातल्या माश्यांत विविधता कमी आढळली, तर त्या थोड्या संख्येने आल्या असाव्यात आणि जास्त आढळली, तर त्या मूळच्या तरी असाव्यात किंवा अनेकदा, अनेक ठिकाणांहून आल्या असाव्यात, असा अंदाज बांधता येतो.

हवाई बेटांचे उदाहरण पाहू. ही माशी तिथे १९४० च्या दशकात पोचली. तिथल्या माश्यांच्या मायटोकाँड्रियातील डीएनएमध्ये, म्हणजे आईकडून येणाऱ्या डीएनएमध्ये, विविधता कमी आहे. कॅलिफोर्नियात ही माशी अधूनमधून सापडते, तेव्हा संशय साहजिकच हवाईवर जाई. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र कॅलिफोर्नियात पकडलेल्या अनेक माश्यांचा डीएनए हवाईतल्या माश्यांशी जुळला नाही. एकट्या हवाईकडे बोट दाखवणे त्यामुळे चुकीचे ठरले.

अशा शोधाला पैशांत मोजता येईल असा अर्थ आहे. माश्या दर वेळी बाहेरून येत असतील, तर पैसा विमानतळ आणि बंदरांवरच्या तपासणीवर खर्च करायला हवा. त्या आतच टिकून, अधूनमधून डोके वर काढत असतील, तर तपासणी कितीही कडक केली तरी उपयोग नाही. कॅलिफोर्नियात शास्त्रज्ञांमध्ये यावर वर्षानुवर्षे वाद झाला. तापाच्या रुग्णाबाबतही आम्हाला हेच ठरवावे लागते, की जुना हिवताप उलटला आहे की नव्याने डास चावला आहे. औषध त्यावर ठरते. २०२४ च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातील रेडलँड्स गावात दोन हजारांहून अधिक घरांच्या आवारातील झाडांची फळे सरकारी पथकांनी काढून नेली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये माशीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले.

आफ्रिकेतला अनुभव आणखी बोलका आहे. २००३ मध्ये केनियात एक अनोळखी फळमाशी सापडली. २००५ मध्ये तिला ‘बॅक्ट्रोसेरा इन्व्हाडेन्स’ हे नवे नाव मिळाले. काही वर्षांत ती सहाराच्या दक्षिणेकडील बहुतेक देशांत पसरली आणि तिथल्या आंबा निर्यातीला मोठा फटका बसला. फिलिपाइन्स आणि मलेशियातल्या माश्यांनाही वेगळ्या जाती मानून वेगळी नावे दिलेली होती. पुढे सुमारे वीस देशांतील संशोधकांनी या माश्यांची शरीररचना, जनुके, नर-मादीला एकमेकांकडे खेचणारी रसायने आणि त्यांचे मीलन, सारे तपासले. २०१४-१५ मध्ये निष्कर्ष आला, की वेगवेगळ्या नावांनी वावरणारी ही मंडळी म्हणजे एकच बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस आहे. नावे गळाली, तशी त्या नावांवर उभी असलेली काही व्यापारी बंधनेही निराधार झाली. उलट, कॅरम्बोला फळमाशी जवळपास तशीच दिसते, पण ती वेगळी जात असल्याचे याच कामातून पक्के झाले.

आता आपल्याकडे येऊ. दक्षिण आणि आग्नेय आशिया हे या माशीचे माहेर. इथल्या माश्यांत विविधता भरपूर आहे. पण खंडाच्या सलग भूमीवर एका प्रदेशातली आणि दुसऱ्या प्रदेशातली माशी यांत जनुकीय फरक फारसा नसतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. माशी स्वतः उडत जाते आणि त्याहून दूर ती फळांच्या पेट्यांतून, ट्रकमधून जाते. त्यामुळे माश्या सतत एकमेकींत मिसळतात. डीएनएवरून माशी कोणत्या बेटाची किंवा कोणत्या मोठ्या प्रदेशाची, हे सांगता येईल. ती देवगडच्या अमुक बागेतली की शेजारच्या वाडीतली, हे सांगता येणार नाही.

या मिसळण्यात शेतकऱ्यासाठी सगळ्यात मोठा धडा आहे. एका बागायतदाराने आपल्या कलमांवर कितीही फवारले, तरी शेजारच्या पडीक बागेतून, परसातल्या पेरूवरून माश्या परत येणारच. आपली बाग ही माश्यांच्या दृष्टीने वेगळी बाग नसते. लसीकरणात आम्ही सांगतो, की एका घराने लस घेऊन गाव सुरक्षित होत नाही. फळमाशीचेही तसेच आहे. पडलेली, डंख मारलेली फळे गोळा करून खोल पुरणे आणि मिथिल युजेनॉलचे सापळे लावून नर पकडणे, ही कामे सगळ्या गावाने एकाच वेळी केली तर गुण येतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा कोकणात परिचयाचा आहे. तो एकट्यादुकट्या बागेत लावला, तर त्याचा पूर्ण लाभ मिळत नाही.

विविधतेची दुसरी बाजू थेट रुग्णालयाशी जोडलेली आहे. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके मज्जातंतूंतील अ‍ॅसिटाइलकोलिनइस्टरेज हे एंझाइम बंद पाडतात. मज्जातंतूंचा संदेश थांबवण्याचे काम हे एंझाइम करते. ते बंद पडले, की संदेश थांबतच नाही. हे एंझाइम माशीत आहे, तसेच माणसातही आहे. म्हणूनच हे विष अंगात गेलेला रुग्ण येतो, तेव्हा त्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात, तोंडाला फेस असतो, छाती भरलेली असते, स्नायू थरथरत असतात. सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या कोणाही डॉक्टरला हे चित्र ओळखीचे आहे. अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शने देत रात्री जागवाव्या लागतात.

तैवानमधील फळमाश्यांत या एंझाइमच्या जनुकात उत्परिवर्तने आढळली आहेत. एंझाइमचा आकार किंचित बदलतो, विष त्याला नीट पकडू शकत नाही आणि माशी वाचते. लाखो माश्यांच्या विविधतेत असे जनुक असलेल्या थोड्या माश्या असतात. फवारणी बाकीच्यांना मारते आणि याच उरतात. पुढच्या पिढ्या त्यांच्याच होतात. जंतू प्रतिजैविकांना दाद देईनासे होतात, ते याच रीतीने. मग औषध लागू पडत नाही म्हणून शेतकरी मात्रा वाढवतो, दोन-तीन औषधे एकत्र करतो. माशीचे एंझाइम बदललेले असते, फवारणाऱ्याचे जुनेच असते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि त्यातल्या काहींचा जीव गेला. ते पीक आणि ती कीड वेगळी होती, पण विष वाढवत नेण्याची वाट कुठे जाते, हे तिथे दिसले.

विष नको म्हणून काढलेल्या उपायांनाही विविधता बगल देऊ शकते. जपानमधील ओकिनावा बेटांवर काकडीवर्गीय भाज्यांवरची फळमाशी घालवण्यासाठी प्रयोगशाळेत वाढवलेले, किरणोत्साराने वंध्य केलेले नर कोट्यवधींच्या संख्येने सोडले गेले. अशा नराशी जुगलेल्या मादीची अंडी फुटत नाहीत. काही काळाने तिथल्या रानातल्या माद्या या नरांना नाकारू लागल्याचे आढळले. मोहीम नेटाने चालू ठेवली गेली आणि १९९३ मध्ये जपानमधून ती माशी नाहीशी झाली. मिथिल युजेनॉलकडे कमी ओढले जाणारे नर निवडत गेले, तर पुढच्या पिढ्यांतही ती ओढ घटते, हेही प्रयोगशाळेत दिसले आहे. सापळा आज चालतो म्हणून तो कायम चालेल, असे गृहीत धरू नये.

मग करायचे काय? क्षयरोगात आता औषध सुरू करताना जंतू कोणत्या औषधाला दाद देतो, हे तपासले जाते. तीच शिस्त किडीच्या बाबतीत हवी. बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोसारख्या संस्था कीटकांच्या डीएनएवरून जात ओळखण्याचे काम करतात. त्याला जोडून प्रमुख फळपट्ट्यांतल्या माश्यांची दर वर्षी जनुकीय तपासणी व्हावी. कोणते प्रतिकारक जनुक कुठे वाढते आहे, हे कळले तर कृषी खात्याला त्या भागात ते औषध वेळेत थांबवता येईल. परदेशी बंदरावर फळात अळी सापडली, तर नुसत्या डोळ्यांनी तिची जात ओळखणे अवघड असते. आपल्याकडे नोंदी असतील, तर आपल्याला पुराव्यानिशी बोलता येईल.

घरी आंबा खाणाऱ्यांसाठी थोडे. कापलेल्या हापूसमध्ये पांढरट, स्पंजासारखा भाग निघाला, तर तो साका. त्याचा फळमाशीशी संबंध नाही. सालीवर टाचणी टोचल्यासारखा काळपट ठिपका आणि भोवती मऊ पडलेला भाग, ही माशीची खूण. अशा फळातली अळी चुकून पोटात गेली, तरी सहसा आजार होत नाही. फळ मात्र टाकून द्यावे आणि टाकताना उघड्या कचऱ्यात न टाकता बंद पिशवीत टाकावे किंवा खोल पुरावे. फवारणीचा अंश कमी व्हावा म्हणून प्रत्येक फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे.

आणि परदेशातल्या लेकीसाठी बॅगेतून चार हापूस नेण्याचा मोह टाळावा. युरोपीय संघात डिसेंबर २०१९ पासून प्रवाशाच्या सामानातल्या आंब्यालाही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते आणि अमेरिकेत तर ताजा आंबा सामानातून नेताच येत नाही. नवी माशी एखाद्या देशात अशा पिशवीतूनही पोचू शकते आणि तिच्या डीएनएवर ती कुठून निघाली, याची नोंद असते.