ब्रोस्ट घरी आलं, आता लसणाच्या सॉसकडेही बघू

ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझावर बॉम्ब पडायला लागले आणि काही दिवसांतच आपल्या मोबाईलवर बायकॉटच्या याद्या फिरू लागल्या. कोणतं कोल्ड्रिंक घ्यायचं नाही, कोणत्या दुकानाची पायरी चढायची नाही, कोणतं चिकन खायचं नाही. मोठ्यांनी ठरवलं आणि पाळलं. पण मुलांच्या जिभेला कोण समजावणार? एकदा तोंडाला लागलेली कुरकुरीत तंगडी आणि सोबतची पांढरी लसणाची चटणी काही यादी वाचून विसरली जात नाही. म्हणून मग घरोघरी एक नवीन उद्योग सुरू झाला, घरच्या घरी ‘ब्रोस्ट’. उर्दूतले व्हिडिओ बघायचे, मैद्याचा डबा काढायचा आणि शुक्रवारच्या जेवणाला किंवा इफ्तारला तेच चिकन घरी करायचं.

आमच्या पालीत त्या मोठ्या कंपन्यांची एकही पाटी नाही. मुलं त्या बघतात एक्सप्रेसवेच्या फूड मॉलवर नाहीतर नवी मुंबईतल्या मॉलमध्ये. तरी ती चव आमच्याकडे केव्हाच पोचली आहे, आणि ती अमेरिकेहून कमी, जेद्दाहून जास्त आली आहे. रायगडच्या कोकणी मुसलमान वस्त्यांतून, म्हसळा-मुरूड-श्रीवर्धन असो की रोहा-माणगाव, घरटी कुणी ना कुणी आखातात राहून आलेलं असतं. हज-उमरा करून आलेला माणूस जमजम आणि खजुरांसोबत ‘अल बैक’च्या गोष्टी घेऊन येतो. काहीजण तर विमानात पाकीटच घेऊन येतात.

अल बैकची हकीकत मजेशीर आहे. १९७४ मध्ये शकूर अबू गजाला यांनी जेद्दात प्रेशरमध्ये तळलेल्या चिकनचं दुकान काढलं. दोन वर्षांत त्यांचं निधन झालं, पुढे मुलांनी धंदा सांभाळला. एक मुलगा अन्नशास्त्र शिकला आणि मसाला स्वतः बसवला. ‘अल बैक’ हे नाव १९८६ चं. सौदीबाहेर पहिलं पाऊल त्यांनी २०२० मध्ये बहरीनमध्ये टाकलं, दुसऱ्या वर्षी दुबईत. म्हणजे अरब माणसाने आपल्या मुलखात उभा केलेला धंदा. मात्र ‘ब्रोस्ट’ हा शब्द अमेरिकेचाच. १९५४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या ब्रोस्टर कंपनीने प्रेशरमध्ये तळायचं यंत्र आणलं, त्यावरून तो आला. त्याआधी १९३९ च्या सुमारास केएफसीच्या हारलँड सँडर्सने केंटकीत प्रेशर कुकरमध्ये चिकन तळून बघितलंच होतं. त्यामुळे बायकॉट करणारा ब्रोस्ट खातो तेव्हा तो तंत्र अमेरिकेचं, चव अरबांची आणि कोंबडी सुधागड तालुक्याची खात असतो. यात आम्हाला काही विसंगती वाटत नाही. बायकॉट नफ्याचा असतो, तंत्राचा नसतो.

नफ्याचं म्हणाल तर परिणाम झाला. मॅकडोनाल्ड्सच्या इस्रायलमधल्या फ्रँचायझीने सैनिकांना फुकट जेवण दिलं, त्यावरून मुस्लिम देशांत इतका राग उसळला की जानेवारी २०२४ मध्ये कंपनीच्या प्रमुखांना धंद्यावर परिणाम होत असल्याचं कबूल करावं लागलं. त्याच एप्रिलमध्ये कंपनीने तिथली २२५ दुकानं त्या फ्रँचायझीकडून परत विकत घ्यायचं जाहीर केलं. मलेशियात केएफसीची शंभराहून जास्त दुकानं तात्पुरती बंद झाली. कंपनीने कारण आर्थिक परिस्थितीचं दिलं, तिथल्या वर्तमानपत्रांनी बायकॉटचं.

भारतात गणित जरा वेगळं आहे. इथे मॅकडोनाल्ड्सची आपल्या भागातली दुकानं वेस्टलाईफ फूडवर्ल्ड चालवते, केएफसीची देवयानी इंटरनॅशनल आणि सफायर फूड्स. या भारतीय कंपन्या आहेत, रॉयल्टी बाहेर जाते, काउंटरवर उभी असलेली मुलं आपलीच असतात. आणखी एक. पॅलेस्टिनी संघटनांची बीडीएस चळवळ स्वतः मोजक्याच कंपन्यांवर लक्ष ठेवायला सांगते. व्हॉट्सॲपवरची शंभर नावांची यादी त्यांची नव्हे. ज्याला बायकॉट करायचा त्याने जरूर करावा, ते आपल्या हातातलं थोडंसं बळ आहे. पण यादी तपासून घ्यावी. शाळेत आम्ही मुलांना हेच सांगतो, लिहिलेलं आहे म्हणून खरं नसतं.

बायकॉटच्याच काळात दुसरा मसला उभा राहिला तो हलालचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने हलाल सर्टिफिकेट लावलेल्या मालावर बंदी आणली, निर्यातीचा माल वगळून. मार्च २०२५ मध्ये आपल्या राज्यात मंत्री नितेश राणे यांनी झटका मटणाच्या दुकानांसाठी ‘मल्हार’ सर्टिफिकेट जाहीर केलं. टीव्हीवर दोन-चार दिवस खूप आरडाओरडा झाला. पालीसारख्या गावात या वादाचा अर्थ किती, हे शांतपणे बघायला हवं. इथे आपण कोंबडी जिवंत बघून घेतो, ओळखीचा माणूस समोर जिबह करतो. कागदाची गरज पडते ती पाकिटातल्या फ्रोझन तंगड्यांना. ‘घरी कर’ म्हटल्यावर हा प्रश्न आपोआप सुटतो, कुणाशी भांडावं लागत नाही.

हलाल इतकंच पुरेसं नाही, ‘तय्यब’ही हवं, म्हणजे शुद्ध, अंगाला मानवणारं. यावर आपण कमी बोलतो. आपल्या जिल्ह्यात मुंबई जवळ असल्यामुळे बॉयलर कोंबडीच्या शेड भरपूर आहेत. पद्धत ठेक्याची: कंपनी पिल्लू, खाद्य, औषध देते, शेतकरी शेड, पाणी, वीज आणि मेहनत देतो, आणि किलोमागे ठरलेली मजुरी घेतो. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत पक्षी दोन किलोचा होतो. जानेवारी २०२५ मध्ये उरणच्या चिरनेरला बर्ड फ्लू निघाला तेव्हा जिल्हाभर चिकन खाणं लोकांनी सोडलं आणि शेडवाल्यांचे हाल झाले. खरं तर कोंबडी आतपर्यंत ७० अंशांवर शिजली की तो विषाणू टिकत नाही. मांस हाडापर्यंत शिजलं की नाही, हा मुद्दा आहे. घरच्या ब्रोस्टमध्ये नेमकं तिथेच गडबड होते. बाहेरून सोनेरी, आत हाडाजवळ लाल.

प्रेशरमध्ये तळल्यावर ती होत नाही, कारण बंद भांड्यात मांसातलं पाणी उडून जात नाही, चिकन झटपट आणि ओलसर शिजतं. हे ऐकून काहीजण घरच्या शिट्टीच्या कुकरमध्ये तेल ओतून झाकण लावतात. असे व्हिडिओही आहेत. आमचं साफ म्हणणं आहे की हे करू नये. आपला कुकर पाण्याच्या वाफेसाठी बनवलेला आहे, ती साधारण १२० अंशांची. तळणीचं तेल १७० च्या पुढे जातं. रबराची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्यासाठी नाहीत. शिट्टीतून तेल उडालं तर काय होईल ते सांगायला नको. ब्रोस्टचं यंत्र वेगळंच असतं.

आणि त्याची गरजही नाही. ज्या रायगडात थंडीत वालाच्या शेंगा, चिकन आणि अंडी मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात कोंबून पोपटी लावतात, त्या मुलखाला वाफेवर मांस मऊ करणं कुणी शिकवायला नको. तेच इथे करायचं. सातशे-आठशे ग्रॅमची लहान कोंबडी, आठ तुकडे, कातडीसकट मिळाली तर उत्तम. मीठ, लसूण, पांढरी मिरी, थोडी वेलची, व्हिनेगर किंवा ताक लावून रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी कुकरमध्ये डब्यात, पाणी खाली ठेवून, एक शिट्टी. बाहेर काढून पूर्ण गार आणि कोरडं करायचं. ही पायरी घाईत सुटते आणि मग पीठ गळून पडतं. मैदा, थोडा कॉर्नफ्लॉर, मिरी, मीठ. तुकडा पिठात, मग थंड पाण्यात बुडवून लगेच बाहेर, पुन्हा पिठात, हलक्या हाताने दाबत. मध्यम-मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं तळलं की झालं. मांस आधीच शिजलेलं असल्यामुळे हाडाजवळ लाल राहत नाही. रंग मसाला टाकू नये. कर्नाटकने जून २०२४ मध्ये कबाबमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली ती उगाच नाही. ब्रोस्टला तर सोनेरी रंग तळल्यानेच येतो.

तेलाचं काय? देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं अर्ध्याहून जास्त बाहेरून येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या पाम, सोया, सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, मे २०२५ च्या शेवटी ते १० वर आणलं. मधल्या काळात घराचं बजेट कोलमडलं, म्हणून गृहिणी तळलेलं तेल गाळून पुन्हा वापरते. एकदा-दोनदा ठीक आहे. काळं पडलं, फेस आला, वास आला की टाकावं. हॉटेलांसाठी तर नियम आहे: १ जुलै २०१८ पासून तेलातली ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल स्वयंपाकाला चालत नाही. घरी मोजायचं यंत्र नसतं, नाक असतं.

आता सॉस, म्हणजे खरा धोका. मे २०२४ मध्ये मानखुर्द-ट्रॉम्बे भागात गाडीवरचा शोर्मा खाऊन १९ वर्षांचा मुलगा गेला, दोन विक्रेत्यांना अटक झाली. ऑक्टोबरमध्ये हैदराबादला मोमो खाऊन एक बाई गेली, कित्येकजण आजारी पडले. त्यानंतर तेलंगणाने कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर एक वर्षाची बंदी घातली. केरळने ती जानेवारी २०२३ मध्येच घातली होती, तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये घातली. कच्च्या अंड्यात साल्मोनेला असू शकतो. मिक्सरमध्ये फिरवलेलं अंडं कोकणातल्या दमट हवेत दोन-तीन तास बाहेर राहिलं की तो भराभर वाढतो. वास बदलत नाही, चव बदलत नाही, म्हणून कळत नाही.

बंदी हॉटेल-गाड्यांवर असते, घरच्या मिक्सरवर नसते. आपण ब्रँड सोडला, आणि व्हिडिओ बघून दोन कच्ची अंडी, तेल, लसूण फिरवून ‘अल बैक सॉस’ केला, दुसऱ्या दिवशी मुलाच्या टिफिनमध्ये छोट्या डबीत भरला. शाळेत डबा उघडेपर्यंत चार तास. आम्ही रोज मुलांचे डबे उघडताना बघतो, म्हणून हे जरा जोर देऊन लिहितो आहोत.

अंड्याशिवायचा सॉस मुळात अरबांचाच आहे, शाम मुलखातला ‘तूम’. एक वाटी सोललेला लसूण, आतला हिरवा कोंब काढून. अर्धा चमचा मीठ घालून बारीक करायचा. मग अगदी बारीक धारेने तेल आणि मध्ये मध्ये लिंबाचा रस, सगळं मिळून साधारण तीन वाट्या तेल आणि पाव वाटीहून थोडा जास्त रस. तेल सूर्यफुलाचं, फ्रीजमध्ये गार केलेलं, कारण मिक्सर तापला की मिश्रण फुटतं. शेंगदाण्याच्या तेलाचा वास लपत नाही. २०२४ मध्ये लसूण किलोला चारशेच्या वर गेला तेव्हा घरोघरी एक तोड निघाली: लसूण निम्मा आणि एक उकडलेला बटाटा. सॉस सौम्य होतो, मुलांना तो जास्त आवडतो. पण बटाट्याचा सॉस त्याच दिवशी संपवावा.

तूममध्येही एक एहतियात आहे. लसूण जमिनीतून येतो, तेलात हवा नसते, आणि अशा जागी बोटुलिझमचा जंतू विष तयार करू शकतो. १९८५ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरच्या एका रेस्टॉरंटमध्ये बाटलीतल्या लसूण-तेलातून छत्तीसजण आजारी पडले होते. म्हणून लिंबू कमी करू नये, बरणी फ्रीजमध्येच ठेवावी, तीन-चार दिवसांत संपवावी. टिफिनला सॉस द्यायचाच तर दुकानातलं एगलेस मेयोनीज, एका वेळेचं छोटं पाकीट, बंदच द्यावं.

एक गोष्ट मात्र टोचते. ‘बायकॉट करा, घरी बनवा’ असं ग्रुपवर लिहिणारे बहुतेक पुरुष असतात. रात्री मसाला लावणं, सकाळी वाफवणं, लसूण सोलणं, तळणं आणि नंतर ओट्यावरचं तेल पुसणं हे अम्मीच्या नाहीतर आपाच्या वाट्याला. रमजानमध्ये तर रोज्याच्या तोंडी तळणीसमोर उभं राहून. लसूण सोलायला दहावीतल्या मुलाला बसवायला काय हरकत आहे? अब्बूंनी तेल गाळावं.

आखातातून परतलेले काही तरुण ब्रोस्टच्या गाड्या लावू लागलेत, ही चांगली गोष्ट आहे. उलाढाल कमी असली तर एफएसएसएआयचं साधं रजिस्ट्रेशन पुरतं, तेही ऑनलाईन. ते कार्ड गाडीवर लावा. सॉसची बरणी बर्फात ठेवा आणि त्यात अंडं आहे की नाही, हे गिऱ्हाईकाने विचारायच्या आधी पाटीवर लिहा, मराठीत आणि उर्दूत. पालीत बल्लाळेश्वराच्या दर्शनाला येणारी गर्दीही त्याच रस्त्याने जाते. त्यातल्या कुणाला चिकन खायचं असेल, कुणाला नसेल. पाटी वाचून ज्याचं त्याने ठरवावं.