हौस आमची, झाडणे तिचे

आमचे शेंदूरजनाघाट संत्र्याच्या कलमांसाठी ओळखले जाते. आमच्या घरी मात्र यंदा केसांचेच पीक जोरात आले!

तीन वर्षांपूर्वी मोत्याला आम्हीच हौसेने आणले. आई गावठी, बाप पामेरियन, त्यामुळे अंगावर दाट केस. होळी सरली, ऊन तापू लागले आणि मोत्याचे केस पुंजक्या-पुंजक्यांनी गळू लागले. सतरंजीवर केस, पोरांच्या गणवेशावर केस. घरधनीण रोपवाटिकेत कामाला जाण्याआधी घर झाडायची, थकून आल्यावर पुन्हा झाडायची. एक दिवस भाकरीत केस निघाला आणि तिचा बांध फुटला. "हौस तुमची अन् झाडणं माझं! त्याले जंगलात सोडून या, नाई तं झाडू तुमी घ्या!"

पोरे रडायला लागली. आम्ही मान खाली घातली. सभेत समतेच्या भाषणाला टाळ्या वाजवणाऱ्या आम्ही घरात झाडू कधी हाती धरला नव्हता. आणि घरात वाढलेला जीव जंगलात कसा जगणार? पाळलेले जनावर असे टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे.

मोत्याला घेऊन पशुवैद्यकीय दवाखाना गाठला. डॉक्टरांनी समजावले, दिवस मोठा होऊ लागला की थंडीतली आतली लव गळते. हा रोग नव्हे. मात्र कातडी उघडी पडली, खाज सुटली, खपल्या धरल्या, तर खरूज किंवा गोचीड असू शकते, तेव्हा औषध हवे. "कातरून टाकू का?" आम्ही विचारले. ते नको म्हणाले. वरचे केस कातडीला उन्हापासून जपतात.

केस पोटात गेला की माणूस मरतो, ही भीती खोटी. पण कुत्र्याच्या अंगाला जंतांची अंडी चिकटलेली असू शकतात. म्हणून त्याला जंताचे औषध वेळेवर द्यावे, हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. रेबीजची लस दरवर्षी टोचावी. घरात कोणाला दमा असेल तर कुत्र्याची जागा ओसरीवर. दम्याला केसापेक्षा त्याची लाळ आणि कातडीचा कोंडा जास्त बाधतो.

आता रोज संध्याकाळी आम्ही मोत्याला अंगणात बसवून लोखंडी फणीने विंचरतो. फणीत आलेला केस घरात पडत नाही. कोरडे झाडले की केस उडतात, म्हणून थोरला पोरगा ओल्या फडक्याने जमीन पुसतो. धाकटी ओला हात फिरवून सतरंजीवरचे केस गोळा करते. कपड्याच्या साबणाने त्याला धुणे बंद केले, त्याने कातडी कोरडी पडते. भाकरीसोबत अधूनमधून उकडलेले अंडे देतो.

केस अजून गळतात, पण झाडू आता एकाच हातात नाही. परवा घरधनीण मोत्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "राहू द्या बापा, घरचाच हाये."

बंधूंनो, कुत्रे जरूर पाळा. पण आणण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा, फणी कोण धरणार?