विश्लेषण : ‘वनौषधी’ मलमाने चार दिवसांत खाज थांबते, ती कशामुळे?

सोरायसिस आणि इसब ‘मुळापासून’ घालवण्याचा दावा करणारी मलमे समाजमाध्यमांवर सर्रास विकली जातात. आयुर्वेदिक औषधाच्या जाहिरातीआधी परवाना अधिकाऱ्याची मंजुरी सक्तीची करणारा ‘नियम १७०’ केंद्राने जुलै २०२४ मध्ये वगळला. त्याला सर्वोच्च न्यायालयाने दिलेली स्थगितीही ऑगस्ट २०२५ मध्ये उठली. चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा कायम आहे, पण त्याचा बडगा उगारला जातो तो जाहिरात झळकल्यानंतर. तोवर मलम अंगाला लागलेले असते.

वनस्पतींचा त्वचारोगांवर खरेच उपयोग होतो?

होतो. त्याचे एक ठळक उदाहरण गोव्याच्या नावानेच ओळखले जाते. ‘गोवा पावडर’ म्हणजे ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाच्या खोडातील पोकळ्यांत साचणारी पिवळसर भुकटी. पोर्तुगीजांमार्फत ती गोव्यात आली आणि गजकर्णावरचे औषध म्हणून खपू लागली. ती कोणत्या झाडाची, हे मात्र बराच काळ गूढच होते. १८७५ मध्ये ब्राझीलमधील बाहियाचे डॉ. दा सिल्वा लिमा यांनी ती आपल्याकडचीच असल्याचे दाखवून दिले. त्याच दशकात लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मानो स्क्वायर यांना ती सोरायसिसवरही चालते, हे योगायोगाने कळले.

तिचा त्रासही कमी नव्हता. त्वचेची आग होई, कपड्यांना न निघणारे डाग पडत. पहिल्या महायुद्धात जर्मनीला होणारा पुरवठा तुटला, तेव्हा तिथल्या रसायनतज्ज्ञांनी १९१६ मध्ये तिच्यातील मुख्य घटकाशी साधर्म्य असलेले डिथ्रॅनॉल तयार केले. सोरायसिसवर ते आजही वापरले जाते: अगदी कमी प्रमाणापासून सुरुवात करून, चट्ट्यापुरतेच आणि ठरावीक वेळ. भुकटीचे औषध झाले ते या मोजमापामुळे.

नैसर्गिक असेल तर अपाय काय होणार?

बावचीचेच पाहा. कोडावर ती आपल्याकडे पूर्वापार दिली जाते. तिच्यातील सोरालेन त्वचेला प्रकाशाबाबत संवेदनशील बनवते. याच वर्गातील द्रव्य पोटात देऊन त्वचेवर अतिनील किरण सोडण्याची पद्धत १९७४ मध्ये अमेरिकेत सोरायसिससाठी यशस्वी ठरली. पुढे दीर्घकाळ उपचार घेतलेल्यांत त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढल्याचेही दिसले. बावचीच्या बियांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

मग झटपट आराम कसा पडतो?

खरा संशय इथेच घ्यायला हवा. बर्मिंगहॅममध्ये इसबाच्या रुग्णांकडील २४ ‘वनौषधी’ मलमांची तपासणी झाली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार २० मलमांत स्टेरॉइड निघाले. ही मलमे लहान मुलांना लावली जात होती. स्टेरॉइड हे मुळात वाईट औषध नाही. डॉक्टर ते रोज लिहून देतात. पण कोणते, किती तीव्रतेचे आणि किती दिवस, हे ठरवून. नकळत महिनोन्महिने चोळले तर त्वचा पातळ होते, चेहरा लालबुंद होतो, गजकर्ण असेल तर ते रूप बदलून पसरते. सोरायसिसमध्ये तीव्र स्टेरॉइड एकाएकी थांबवल्यास अंगभर पू भरलेले फोडही उठू शकतात. रुग्णाला वाटते, मलम सोडले म्हणून आजार बळावला, आणि तो पुन्हा तीच ट्यूब मागवतो.

भारतात २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीवर निर्बंध आले. परंतु वेष्टनावर ज्याचे नावच नाही, ते दुकानदाराला तरी कसे कळणार? असे छुपे स्टेरॉइड मिसळणे कायद्याने गुन्हा आहे आणि राज्यात अन्न व औषध प्रशासनाकडे त्याची तक्रार करता येते.

दरम्यान, असे मलम बरेच दिवस वापरले असेल तर ते परस्पर बंद करू नये. ट्यूब आणि तिचे खोके घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. अचानक थांबवायचे की हळूहळू कमी करायचे, हे त्यांनी ठरवायचे.